दादा आपल्याला कुठं शोधेल?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी मार्कंड्याहून बोलते आहे. बचत गटांचं काम बघते, त्यामुळं तुमच्यापैकी पुष्कळ जणी मला हप्त्याच्या वहीमुळंच ओळखतात. आज वही बाजूला ठेवली आहे. सध्या मोहाचे दिवस आहेत. पहाटे अंधारात टोपली घेऊन गेलेल्या बाया आता कुठं पाठ टेकत असतील, म्हणून फार ताणत नाही. आज लेकरांबद्दल बोलायचं आहे. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे लेकराला कधी कळायला लागतं, आणि ते कळावं म्हणून आपण घरी काय करू शकतो, एवढाच विषय.

सुरुवात आमच्या जत्रेपासून करते. दोन वर्षांपूर्वीची महाशिवरात्र. मार्कंड्याची गर्दी तुम्हाला माहीत आहे. वैनगंगा इथं उत्तरेकडे वळते, म्हणून आंघोळीला लांबलांबची माणसं येतात. नदीकडं माणूस, देवळाकडं माणूस, मधल्या दुकानांत माणूस. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता आणि मुलगी चार वर्षांची. फुग्यावाल्याजवळ मी मुलाला म्हटलं, ‘बाबू, तू इथंच उभा राहा, मी नारळ घेऊन येतो.’ लहानीला कडेवर घेतलं आणि गेले. नारळ घेतला, तेवढ्यात माहेरकडची एक बाई भेटली, तिच्यासोबत बोलत बोलत आम्ही देवळाच्या मागच्या अंगाला सावलीत जाऊन बसलो. तिथं मला बरं वाटलं. मुलगा लक्षात होता, पण मनात असं की तो येईलच.

थोड्या वेळानं छातीत धस्स झालं. उठले. लहानीला सहज विचारलं, ‘दादा आपल्याला कुठं शोधेल गं?’ ती ठामपणे म्हणाली, ‘इथं!’ आणि बसल्या जागेवर हात थोपटला. मी म्हटलं, ‘अगं, त्याला कसं माहीत आपण इथं आहोत?’ ती माझ्याकडं बघतच राहिली. आपण इथं बसलो आहोत हे तिला माहीत होतं. म्हणजे ते सगळ्या जगाला माहीत असणारच, असा तिचा हिशेब.

मुलगा सापडला. कुठं सापडला सांगू? फुग्यावाल्याजवळ. जिथं उभा राहा म्हणून मी सांगितलं होतं, नेमका तिथंच. रडून रडून डोळे लाल झाले होते, पण पाऊलभर हलला नव्हता. आणि मी काय केलं असेल? जाताच एक चापट दिली. ‘काहून रे, शोधता येत नव्हतं का मले?’

तो काहीच बोलला नाही. रात्री झोपताना म्हणाला, ‘आई, तूच तर म्हटलं होतं इथंच राहा.’

मला त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षांच्या पोरीनं जी चूक केली, तीच चूक मी बत्तिसाव्या वर्षी केली होती. मी कुठं आहे हे मला माहीत होतं. त्याला ते माहीत नाही, हे मी विसरले. फरक इतकाच, की पोरीची चूक तिच्या वयाला शोभणारी होती.

वयाला शोभणारी म्हणजे काय, ते सांगते. बी.ए.ला माझा एक विषय मानसशास्त्र होता. तेव्हा परीक्षेपुरतं वाचलं आणि सोडून दिलं, जत्रेनंतर पुन्हा पुस्तकं काढली. १९८३ मध्ये ऑस्ट्रियातल्या विमर आणि पेर्नर या दोन संशोधकांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून बघितली. एक मुलगा आपलं चॉकलेट एका कपाटात ठेवतो आणि खेळायला जातो. तो नसताना आई ते चॉकलेट दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मुलगा परत येईल तेव्हा चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, दुसऱ्या कपाटात, कारण ते तिथं आहे. पाचव्या वर्षाच्या आसपासची बहुतेक मुलं म्हणतात, पहिल्या कपाटात, कारण त्यानं तिथं ठेवलं होतं, आईनं उचललं हे त्याला कुठं माहीत? पुढं असे प्रयोग पुष्कळ देशांत झाले. कुठं थोडं लवकर, कुठं थोडं उशिरा, पण साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान हे उलगडतं.

तुम्ही म्हणाल, चॉकलेट आणि कपाटं म्हणजे शहरातल्या पोरांच्या गोष्टी. मलाही तसंच वाटलं होतं. पण आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे, तिथल्या जंगलात बाका नावाचे आदिवासी लोक राहतात. त्यांच्या लेकरांसोबत हाच खेळ खेळला गेला, त्याचा अहवाल १९९१ मध्ये आला. तिथं चॉकलेट नव्हतं, जंगली आंब्याच्या कोयीतला गर होता. आपल्याकडं चारोळीचे दाणे असतात ना, तशी त्यांची ही आवडीची वस्तू. एक माणूस तो गर भांड्यात झाकून बाहेर जातो, पोरगा तो दुसरीकडं लपवतो. माणूस आल्यावर आधी कुठं बघेल? पाच वर्षांच्या आसपासची बहुतेक पोरं बरोबर सांगत होती. शाळा नाही, पाटी नाही, तरी मनाची वाढ तीच.

घरी करून बघायला सोपं आहे. प्रत्येकीच्या घरी बिस्किटाचा एक जुना डबा असतो, आणि त्यात बिस्किटं सोडून बाकी सगळं असतं. सुई, दोरा, बटणं. तो डबा चार वर्षांच्या लेकरासमोर ठेवा आणि विचारा, यात काय आहे? ‘बिस्किट.’ उघडून दाखवा. मग झाकण लावा आणि विचारा, ‘बाबा अजून आले नाहीत. बाबांना हा डबा दाखवला तर त्यांना काय वाटेल, आत काय आहे?’ काही लेकरं म्हणतील, ‘सुई-दोरा.’ त्यांना हसू नका, रागावू नका, शिकवायलाही लागू नका. फक्त लक्षात ठेवा, की या पोराला अजून आपल्या डोक्यातलं आणि दुसऱ्याच्या डोक्यातलं वेगळं करता येत नाही. तो खोटं बोलत नाही, हट्टी नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

पण याचा अर्थ पाच वर्षांआधी काहीच कळत नाही, असाही नाही. कॅलिफोर्नियात रेपाकोली आणि गॉपनिक या दोन संशोधक बायांनी १९९७ मध्ये एक प्रयोग केला. लेकरासमोर दोन वाट्या, एकीत बिस्किटं, एकीत ब्रोकोली, म्हणजे हिरव्या फुलकोबीसारखी भाजी, तीही कच्ची. बाई भाजी खाऊन ‘वा वा’ करायची, बिस्किट खाऊन तोंड वाकडं करायची. मग लेकरासमोर हात पसरायचा, मला दे. चौदा महिन्यांची लेकरं बिस्किट द्यायची, कारण त्यांना स्वतःला ते आवडतं. अठरा महिन्यांची लेकरं भाजी द्यायची. मला नाही आवडत, पण हिला आवडते, हे दीड वर्षाच्या लेकराला कळतं! आमच्याकडं सासूबाई आणि नातीचा हा खेळ रोज आंबिलीवरून चालायचा. मी तेव्हा फक्त हसत होते.

आणि झाडीपट्टीचं नाटक बघायला जाता ना? धान निघालं की रात्रभराची नाटकं सुरू होतात, वडसा म्हणजे त्याचं माहेरच. आपल्याच जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. तर नाटकात खलनायक पडद्याआड लपतो आणि नायक बेसावध येतो, तेव्हा तुमच्या शेजारी बसलेल्या पोरांकडं बघा. आठ-नऊ वर्षांची पोरं सतरंजीवर उठून उभी राहतात, ‘मागं बघ, मागं बघ’ म्हणून ओरडतात. मला माहीत आहे, त्याला माहीत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तीन वर्षांचं मांडीवरचं लेकरू मात्र नुसतं टकमक बघतं. ही पोरं का ओरडत आहेत, हेच त्याला समजत नाही. मी पूर्वी मोठ्या पोरांना ‘चूप बसा’ म्हणायची. आता म्हणत नाही.

आता प्रश्न असा, की ही समज वयासोबत आपोआप येते, तर आपण करायचं काय? इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ज्या मुलांना ऐकू येत नाही आणि ज्यांच्या घरी कोणालाच खुणांची भाषा येत नाही, त्यांना ही समज बरीच उशिरा येते, असं १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं. पुढं हेही दिसलं, की आईबाप स्वतः बहिरे असले आणि घरात पहिल्यापासून खुणांनी भरपूर बोलणं होत असलं, तर त्या मुलांना असा उशीर होत नाही. म्हणजे कमतरता कानात नव्हती, बोलण्यात होती. लेकराला दुसऱ्याचं मन कळतं ते बोलण्यातून. त्यातही ‘जेव, झोप, अभ्यास कर’ या बोलण्यातून नाही. ‘तिला वाटलं’, ‘त्याला माहीत नव्हतं’, ‘मी विसरले’, ‘आजीला वाईट वाटलं असेल’ या बोलण्यातून. अमेरिकेत जुडी डन नावाच्या बाईंनी लहान लेकरांच्या घरी बसून आईलेकरांचं बोलणं टिपलं होतं. ज्या घरी भावनांबद्दल जास्त बोललं जायचं, तिथल्या लेकरांना काही महिन्यांनी दुसऱ्यांच्या मनाचे प्रश्न जास्त चांगले सुटले.

हे वाचल्यावर मी एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत स्वतःकडं लक्ष ठेवलं. सगळा दिवस हुकूम. ‘उठ’, ‘आवर’, ‘चप्पल कुठं टाकली’, ‘बहिणीला मारू नको’, ‘माफी माग’. दिवसभरात ‘तुला काय वाटलं?’ हा प्रश्न एकदाही नाही. तुमचं वेगळं असेल तर चांगलंच आहे. पण करून बघा एक दिवस.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला जड जाते. आमच्या गटातल्या एका ताईंची आहे. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, नाव सोडून सगळं सांगा.

गेल्या वर्षी या ताईंनी गटातून कर्ज घेतलं होतं. तीन महिने हप्ता आला नाही. बैठकीलाही येईनात. निरोप पाठवला तर ‘येतो’ म्हणायच्या आणि यायच्या नाहीत. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर, एकीचा हप्ता थकला की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं, हे तुम्हाला सांगायला नको. मी समन्वयक, म्हणजे सगळ्या माझ्याकडं बघणार. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मी नवऱ्याजवळ तणतणले, ‘पैसे बुडवायचेच आहेत तिला. नियतच खराब.’ मुलगा चुलीजवळच गृहपाठ करत बसला होता. त्यानं मान वरसुद्धा केली नव्हती.

त्या ताईंची मुलगी आणि माझा मुलगा एकाच वर्गात. पाच-सहा दिवसांनी शाळेतल्या बाई मला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, ती मुलगी चार दिवस शाळेत आली नाही, काही माहीत आहे का? मग त्यांनीच सांगितलं. चिंचेच्या वाटणीवरून दोघांचं भांडण झालं होतं, आणि माझा मुलगा सगळ्या पोरांसमोर तिला म्हणाला, ‘तुझी माय गटाचे पैसे बुडवते.’

मी घरी आले ती पेटूनच. त्याचं मनगट धरलं, ‘चल, आत्ताच्या आत्ता माफी माग.’ अर्ध्या वाटेत तो थांबला आणि म्हणाला, ‘पण आई, तूच तर बोलली होती ना?’

मी तिथंच उभी राहिले. जत्रेतल्या त्या रात्रीचंच वाक्य, एका वर्षानंतर. त्याला घरी पाठवलं आणि एकटी पुढं गेले.

ताई अंगणात बसल्या होत्या. मला बघून आधी घाबरल्या, वाटलं वसुलीला आले. मी पहिल्यांदा हप्ता सोडून दुसरं विचारलं, ‘घरी कसं चाललंय?’ तेव्हा कळलं. नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला होता, तिकडंच आजारी पडला. तिथून पैसे यायचे ते आले नाहीतच, उलट दवाखान्यासाठी इथून पाठवावे लागले. मी म्हटलं, ‘मग गटात काहून नाही सांगितलं?’ त्या म्हणाल्या, ‘बैठकीत मागं एकीनं सांगितलं होतं नवरा आजारी आहे म्हणून, तेव्हा तुम्ही सगळ्या काय बोललात मला ठाऊक आहे. मले वाटलं मलेही खोटारडी म्हणाल.’

त्या बैठकीत मीही बोलले होते. काय बोलले ते आता आठवत नाही. त्यांना शब्दन् शब्द आठवत होता.

घरी आल्यावर मुलाजवळ बसले. माफीचं बोलले नाही. त्याला विचारलं, ‘तिचे बाबा दूर गेले होते आणि तिथं आजारी होते. घरी आई रडत असेल. त्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा तिच्या मनात काय असेल?’ तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘भीती.’ मी म्हटलं, ‘तू बोलला तेव्हा तुला यातलं काय माहीत होतं?’ ‘काहीच नाही.’ ‘आणि मला?’ त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘तुलेही नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. आधी मी बोलले, त्याच्यासमोर. मी चुकीचं बोलले, ते यानं ऐकलं, म्हणून हे झालं, असं सरळ सांगितलं. मग तो बोलला. मुलगी दाराआड होती, बाहेर आली नाही.

हप्त्याचं पुढं गटात बसून ठरवलं. ताईंचा हप्ता लहान केला, मुदत वाढवली. आणि हेही ठरलं, की कोणाचा हप्ता चुकला तर दंडाची भाषा करण्याआधी दोघींनी तिच्या घरी जायचं, बसायचं आणि विचारायचं. काही बाया नाराज होत्या. म्हणाल्या, अशानं सगळ्याच कारणं सांगतील. एकीनं सांगितलीसुद्धा, खोटी. पण घरी गेल्यावर ते खोटंही कळलंच.

मुलगी शाळेत येते. माझ्या मुलाजवळ बसत नाही. त्याला ते लागतं. मध्ये म्हणाला, ‘मी तर माफी मागितली, तरी ती बोलत नाही.’ मी म्हटलं, ‘तिची मर्जी. तुझ्या माफीनं तिचं झालेलं पुसलं जात नाही.’ त्याला हे पटलं की नाही, मला माहीत नाही.

या प्रकरणात एक गोष्ट मला पुष्कळ दिवस खात होती. माझ्या मुलाला दुसऱ्याचं मन कळत नव्हतं, म्हणून तो असं बोलला का? नाही. उलट त्याला चांगलंच कळत होतं. कुठं बोट ठेवलं की तिला दुखेल हे बरोबर ओळखूनच त्यानं ते वाक्य काढलं. इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास झाला. शाळेत दादागिरी करणारी, टोळीची म्होरकी मुलं दुसऱ्याचं मन ओळखण्यात कच्ची असतील असं सगळ्यांना वाटायचं. निघालं उलटं. ती त्यात पक्की होती, त्यांच्यामागं फिरणाऱ्या मुलांपेक्षाही पक्की. म्हणून नुसतं ‘दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळख’ एवढं शिकवून भागत नाही. ओळखल्यावर तू काय करतोस, हे पोरगं आपल्याकडं बघून शिकतं. चुलीजवळ आपण शेजारणीबद्दल काय बोलतो, त्यातून शिकतं.

आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव आहे. २००९ मध्ये या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, म्हणून ते देशभर गाजलं. मला मात्र त्या गावाची दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. तिथं ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, पुन्हा बसायचं. आता विचार करा, हात वर करून मोजणी केली तर विरोधात बोलणाऱ्याचं काय म्हणणं आहे हे समजून घ्यायची गरजच उरत नाही. तुम्ही पाच आम्ही वीस, विषय संपला. सगळ्यांना पटल्याशिवाय पुढं जाताच येत नाही, तेव्हा मात्र त्या एकाला असं का वाटतं हे शोधावंच लागतं. त्या सभेच्या कडेला खेळणारी पोरं काय बघत मोठी होत असतील! आपल्या गटांच्या बैठकीतही आपली लेकरं मांडीवर, नाहीतर ओसरीवर असतातच. त्यांना वाटतं आपण खेळतो आहोत. ती सगळं ऐकत असतात.

एक गोष्ट खास मुलींच्या आयांसाठी बोलते. ‘समजून घे’ हे वाक्य आपण घरात कोणाला म्हणतो? भाऊ लहान आहे, समजून घे. बाबा दमून आले, समजून घे. सासरची माणसं तशीच आहेत, समजून घे. पोरीला म्हणतो, पोराला म्हणत नाही. मग पोरीला वाटतं, दुसऱ्याचं मन समजणं म्हणजे आपलं मन गिळून टाकणं. आणि पोराला वाटतं, हे आपलं कामच नाही. माझ्या घरी आता मुलाला विचारते, ‘बहीण का रडली असेल?’ आणि मुलीला विचारते, ‘तुला काय पाहिजे होतं ते दादाला सांगितलं का?’ दोघांनाही उलटं जड जातं. आणि कोणी मोठ्या माणसानं अंगाला वाईट हात लावला, भीती घातली, तर तिथं समजून घ्यायचं काहीच नाही. ओरडायचं, पळायचं, आईला सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीचा फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. फुकट लागतो.

आपल्या भागात आणखी एक आहे, भाषेचं. चामोर्शी, मुलचेरा भागात बंगाली वस्त्या आहेत, सिरोंच्याकडं तेलुगू, भामरागड-एटापल्लीकडं माडिया, धानोरा-कोरचीकडं गोंडी, आणि आपली झाडीबोली. अंगणवाडीत एखादं लेकरू नवीन येतं, घरी माडिया बोलणारं. ताई विचारतात, ‘नाव काय?’ ते गप्प. ‘भात खातोस?’ गप्प. मग आपण म्हणतो, मंद आहे. मंद ते नाही. आपण त्याच्या जागी बसून बघितलं नाही. मी एकदा गटाच्या कामानं गेले होते, तिथल्या बाया भराभर तेलुगूत बोलत होत्या आणि मी पाऊण तास मान हलवत बसले. त्यांनाही मी मंदच वाटले असेन. त्या दिवसापासून माझ्या मुलांचा एक खेळ आहे. ‘पाणी’, ‘जेवलीस का’, ‘घाबरू नको’, एवढी तीन बोलणी दुसऱ्या भाषेत शिकायची. बंगाली झाली, तेलुगूची दोन झाली. गोंडी शिकवणारी आजी बाजारात भेटते, ती तीन शब्द शिकवायला चहा मागते.

यंदाच्या शिवरात्रीला आम्ही पुन्हा जत्रेत गेलो. मुलगी आता सहा वर्षांची झाली आहे. देवळाजवळ पोचल्यावर मी तिला मुद्दाम तोच प्रश्न विचारला, ‘समज, दादा पाण्याला गेला आणि आपण मागच्या सावलीत जाऊन बसलो, तर दादा आपल्याला कुठं शोधेल?’ ती म्हणाली, ‘इथंच. त्याला काय माहीत आपण उठलो म्हणून?’ मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘पण आई, तू काहून उठते? तू बस ना एका जागी.’

मुलगा मोठ्यानं हसला. त्यानंच पुढं होऊन जागा ठरवली. दीपमाळेच्या बाजूला, चपलांच्या दुकानासमोर. बहिणीकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग माझ्याकडं वळला आणि माझ्याकडूनही म्हणवून घेतलं.

येते. नमस्कार.